जन्मगावाचा वाद आणि हातातला फोन

जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपये देण्याची घोषणा केली. तालुक्याच्या गावाला निधी मिळणं ही एरवी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बातमी. पण या घोषणेत पाथरीचा उल्लेख साईबाबांचं जन्मस्थान म्हणून झाला आणि शिर्डीत संताप उसळला. १९ जानेवारीला, रविवारी, शिर्डीने आणि आसपासच्या गावांनी बंद पाळला. समाधी मंदिर आणि प्रसादालय उघडं होतं, दुकानं आणि हॉटेलं बंद. मध्यरात्री बंद मागे घेतला गेला. दुसऱ्या दिवशी शिर्डीच्या प्रतिनिधींची मुख्यमंत्र्यांसोबत मुंबईत बैठक झाली, ‘जन्मस्थान’ हा उल्लेख बाजूला पडला आणि शिर्डीकर शांत झाले. पाथरीकर मात्र आपल्या दाव्यावर ठाम राहिले.

प्रत्यक्षातला वाद असा दहा-बारा दिवसांत निवला. फोनवरचा निवला नाही. साईबाबांचं नाव कुठल्याही निमित्ताने बातमीत आलं की पाथरी पुन्हा वर येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाराणसीतल्या काही मंदिरांतून साईमूर्ती हटवल्या गेल्या, तेव्हाही साईबाबा मूळचे कोण, कुठले, हा प्रश्न नव्याने पेटला. उत्तर देणारे तेच दोन गट, तीच कात्रणं, तेच टोमणे. सामाजिक प्रश्नांवर लोक फोनवरून एकमेकांशी कसे भांडतात आणि ते भांडण मिटत का नाही, हे समजून घ्यायचं असेल तर पाथरीइतकं चांगलं उदाहरण मराठी मुलखात शोधून सापडणार नाही. कारण या वादात दोन्ही बाजूंकडे कागद आहे, आणि दोन्ही कागद खरे आहेत.

शिर्डीच्या बाजूचा कागद म्हणजे साक्षात ‘श्रीसाईसच्चरित’. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांनी लिहिलेला हा ओवीबद्ध ग्रंथ घरोघर पारायणाला असतो. त्याच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट आहे की बाबांचे आईबाप, जन्म, जन्मस्थान कुणालाच ठाऊक नाही. भक्ताच्या दृष्टीने विषय तिथेच संपतो. ज्या ग्रंथाला बाबांच्या हयातीत सुरुवात झाली, त्यानेच ‘माहीत नाही’ म्हटलं, तर शंभर वर्षांनी इतरांना कसं कळलं?

पाथरीच्या बाजूचा कागद याच ग्रंथाच्या शेजारी आहे. ना. वि. गुणाजी यांनी सच्चरिताचं इंग्रजी रूपांतर केलं. त्यात सातव्या अध्यायाच्या ओघात म्हाळसापतींची आठवण दिलेली आहे. हे म्हाळसापती म्हणजे खंडोबाचे पुजारी, बाबांसोबत मशिदीत झोपणारे अगदी निकटचे भक्त. त्यांना बाबांनी सांगितलं होतं की आपण पाथरीचे ब्राह्मण, लहानपणीच एका फकिराच्या हवाली केले गेलो. हे सांगितलं तेव्हा पाथरीकडची काही माणसं आली होती आणि बाबा त्यांच्याकडे तिथल्या लोकांची चौकशी करत होते, असंही त्यात आहे. या आठवणीचा आधार आहे ‘साईलीला’ मासिकाचा १९२४ चा अंक. म्हणजे हाही काही काल-परवा रचलेला मजकूर नव्हे.

आता वादात काय होतं पाहा. एक जण चौथ्या अध्यायाच्या पानाचा फोटो टाकतो, लाल रेघ ओढून. दुसरा इंग्रजी पानाचा फोटो टाकतो, तोही लाल रेघ ओढून. दोघांनाही वाटतं की आपण निर्णायक पुरावा दिला आणि समोरचा तरीही मान्य करत नाही, म्हणजे तो लबाड आहे. ओवीत ‘ठाऊक नाही’ असं ग्रंथकार म्हणतो, आणि आठवणीत ‘बाबा मला असं म्हणाले’ असं एक भक्त म्हणतो. ही दोन विधानं एकमेकांना खोडत नाहीत. ग्रंथकाराला जे माहीत नव्हतं ते एखाद्या भक्ताने ऐकलेलं असू शकतं. आणि भक्ताने ऐकलं म्हणून ते जन्मदाखल्यासारखं सिद्ध होत नाही. एवढं सांगायला चार-पाच वाक्यं लागतात. रेघ ओढलेल्या फोटोला एकही लागत नाही.

पाथरीचा दावा पुढे गेला तो वि. बा. खेर यांच्या शोधामुळे. १९७० च्या दशकात ते पाथरीत आले, गावातल्या जुन्या ब्राह्मण घराण्यांची माहिती त्यांनी गोळा केली आणि बाबा भुसारी घराण्यातले असावेत या निष्कर्षाला पोचले. म. वि. कामत यांच्यासोबत त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी चरित्रात ही सगळी मांडणी आहे. भुसारींच्या पडक्या घराच्या जागी मंदिर उभं राहिलं, ते १९९९ मध्ये भक्तांसाठी खुलं झालं. ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद शिर्डीत समाधी शताब्दीच्या सोहळ्याला आले असता त्यांनीही पाथरीचा जन्मस्थान म्हणून उल्लेख केला होता. खेरांनी ‘असावेत’ म्हटलं होतं. भाषणात, फलकावर आणि फॉरवर्डमध्ये ते ‘आहेत’ झालं. ध चा मा करायला कुणी मुद्दाम बसावं लागत नाही, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाता-जाता ‘असावं’ हा शब्द गळून पडतो.

शिर्डीच्या रागाकडेही सरळपणे पाहायला हवं. बाहेरच्या अनेकांनी तो पैशांचा राग ठरवून टाकला: पाथरी मोठी झाली तर शिर्डीची गर्दी घटेल, म्हणून हे सगळं. गावाच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यात असेलही, आणि असला तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की बाबांनी आपला धर्म, जात, कूळ सांगितलं नाही, हाच त्यांच्या भक्तीचा पाया आहे. एका चोरीच्या खटल्यात धुळ्याच्या न्यायालयातून त्यांची साक्ष घ्यायला अधिकारी शिर्डीत आला, अशी हकिकत चरित्रांतून सांगितली जाते. त्याने रीतसर प्रश्न विचारले. नाव? साईबाबा. वडिलांचं नाव? तेही साईबाबा. पंथ? कबीर. जात? परवरदिगार. वय? लाखो वर्षं. सरकारी कागदाचा एकेक रकाना त्यांनी असा मोकळा ठेवला. मग आज कुणी गावाचं आणि घराण्याचं नाव त्या रकान्यात भरू लागलं, तर भक्ताला ते खुपणारच.

आणि पाथरीचं म्हणणं? दावा लावून धरणाऱ्यांत पुढे होते पाथरीचेच, विधान परिषदेचे तेव्हाचे आमदार बाबाजानी दुर्राणी. एका ब्राह्मण घराण्यातल्या जन्माचा दावा गावाच्या वतीने एक मुस्लिम नेता मांडतो आहे, हे चित्र मराठवाड्याबाहेरच्या फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं. ज्यांनी या वादाला हिंदू-मुस्लिम रंग दिला, त्यांच्या तर ते डोळ्यांसमोरून निसटलं. गावाच्या दृष्टीने हा आपल्या पाथरीचा प्रश्न होता: रस्ता, भक्तनिवास, मंदिराभोवतीची जागा. मानवत रोडला रेल्वेतून उतरून इथवर येणाऱ्या माणसाला नीट उतरायची सोय हवी, तर त्यासाठी पैसा हवा, आणि तो ज्या नावाने मिळतो आहे ते नाव का सोडायचं?

पाथरीच्या मातीत जन्मगावाचा हा पहिला वाद नाही. पाचशे वर्षांपूर्वी याच गावासाठी दोन सुलतान लढले. अहमदनगरच्या निजामशाहीचं घराणं मूळ ब्राह्मण. संस्थापक मलिक अहमदचा बाप मलिक हसन लहानपणी बहामनी फौजेच्या हाती सापडला आणि मुसलमान झाला. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशहाने मागणी केली की आमच्या वाडवडिलांचं गाव आम्हाला द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. इमादशहाने नकार दिला आणि पाथरीची तटबंदी सुरू केली. १५१८ च्या सुमारास निजामशहाने हल्ला करून पाथरी घेतली, मग इमादशहाने परत मिळवली, मग निजामशहाने पुन्हा घेतली. मूळ गाव म्हणजे काय, त्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न या गावाने तोफांच्या काळातही पाहिलेला आहे. तेव्हाही आठवण, अभिमान आणि महसूल या तिन्ही गोष्टी एकत्र मिसळलेल्या होत्या.

२०२० च्या वादातही तीन वेगळे प्रश्न एका गाठीत बांधले गेले. बाबा कुठे जन्मले हा इतिहासाचा प्रश्न. त्यांचं कूळ सांगावं की न सांगावं हा श्रद्धेचा. आणि पाथरीला रस्ते व निवास मिळावेत की नाही हा निधीचा. इतिहासाच्या प्रश्नाला वेळ लागतो आणि कदाचित उत्तर मिळतच नाही. श्रद्धेचा प्रश्न बाहेरच्याने सोडवायचा नसतो. निधीचा प्रश्न मात्र एका बैठकीत सुटण्यासारखा होता, आणि मुंबईच्या बैठकीत तसाच मार्ग निघाला: विकासाचं काम वेगळं, जन्मस्थानाचा शब्द वेगळा. समोरासमोर बसलेल्या माणसांना ही गाठ सोडवता आली. फोनवर भांडणाऱ्यांना आली नाही, आणि याचं कारण फोनवरची माणसं अधिक मूर्ख होती हे नव्हे.

कारण बरंचसं यंत्रात आहे. फेसबुकवर पोस्टखाली अंगठा, हृदय, हसरा चेहरा, रागीट चेहरा अशी चिन्हं असतात. कोणती पोस्ट किती लोकांना दाखवायची हे ठरवताना २०१७ पासून कंपनीचं गणित या चेहऱ्यांना साध्या अंगठ्याच्या पाचपट वजन देत होतं. म्हणजे ज्या पोस्टवर शंभर लोक चिडले, ती शंभर लोकांनी पसंत केलेल्या पोस्टपेक्षा कितीतरी पुढे सरकायची. रागाच्या चेहऱ्याचं वजन कंपनीने पुढे टप्प्याटप्प्याने उतरवलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आणलं; हा सगळा हिशेब २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली तेव्हा जगाला कळला. पाथरीचा वाद जानेवारी २०२० चा. त्या वेळी संतापाचं वजन अजून शून्यावर आलेलं नव्हतं. शिर्डीच्या एखाद्या दुकानदाराने समजुतीचे दोन शब्द लिहिले असतील, तर ते त्याच्या पाहुण्यारावळ्यांपलीकडे गेले नसतील. शिवी मात्र थेट परभणीला पोचली असणार.

अभ्यासकांनी हे मोजूनही पाहिलं आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वादग्रस्त सामाजिक विषयांवरचे साडेपाच लाखांहून अधिक ट्वीट तपासले गेले. नीती आणि भावना दोन्ही चेतवणारा, म्हणजे ‘धिक्कार’, ‘विश्वासघात’ या जातीचा, एकेक शब्द वाढला की संदेशाचा प्रसार साधारण वीस टक्क्यांनी वाढत होता. त्यातली खरी मेख पुढे आहे: हा वाढलेला प्रसार मुख्यतः आपल्याच बाजूच्या लोकांत होता, पलीकडच्यांत नव्हे. आपण समोरच्याला झोडपतो आहोत असं लिहिणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात टाळ्या घरच्याच असतात. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे सव्वा लाख बातम्या तपासल्या, तेव्हा खऱ्यापेक्षा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता सत्तर टक्क्यांनी जास्त निघाली.

या दोन्ही अभ्यासांतलं मैदान ट्विटरचं. मराठवाड्यात वाद रंगतो तो व्हॉट्सअॅपवर, आणि तिथलं दुखणं निराळं आहे. तिथे पोस्ट वर-खाली करणारं गणित नाही. तिथे आहे तो गावाचा ग्रुप: अडीचशे माणसं, त्यांत ग्रामसेवक, किराणा दुकानदार, पुण्यात कामाला गेलेली पोरं, दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते, निवृत्त गुरुजी. सकाळी फुलांचे फोटो, मग कापसाचा भाव, मग कुणाच्या तरी दहाव्याची सूचना, आणि मधेच एक लांबलचक मजकूर, वर दोन बाणांची खूण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ अशी ओळ. मजकूर कुणी लिहिला हे कुणालाच माहीत नसतं. पाठवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, आला तसा टाकला. पण ग्रुपमध्ये त्याचं नाव दिसतं, त्यामुळे उत्तर त्याला मिळतं, आणि उत्तर मिळालं की अब्रूचा प्रश्न होतो. ज्या विचाराशी त्या बिचाऱ्याचा अर्ध्या मिनिटापूर्वी काडीचाही संबंध नव्हता, त्याच्यासाठी तो आता हमरीतुमरीवर येतो. अनोळखी लेखकाने पेरलेलं भांडण दोन शेजाऱ्यांच्या दारात उगवतं.

यात भर पडते ती यंत्राच्या लहान-लहान कटकटींची. त्या क्षुल्लक वाटतात, पण भांडणाचा सूर त्याच ठरवतात. मराठी टाइप करणं अजूनही अनेकांना जिकिरीचं वाटतं, म्हणून लोक रोमन लिपीत मराठी लिहितात. ते तुटक असतं, आणि तुटक वाक्य नेहमी उद्धट वाटतं. बोलून लिहून घेणारी सोय आली, पण ती परभणीकडची बोली ऐकून पुण्याचं काहीतरी छापते. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, की वाचून गप्प बसला असा अर्थ निघतो. तो माणूस कदाचित मोटारसायकलवर असतो. रागात लिहिलेलं पुसलं तरी ‘हा संदेश हटवला गेला’ अशी पाटी मागे राहते आणि काय होतं म्हणून चौकशी सुरू होते. चूक सुधारण्याची सोय मे २०२३ मध्ये आली, तीही पहिल्या पंधरा मिनिटांपुरती. तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेलाच असतो. ग्रुप सोडला तर पूर्वी सगळ्यांना दिसायचं, आणि ‘अमुक बाहेर पडले’ ही ओळ तोंडावर दार आपटल्यासारखी वाचली जायची. २०२२ मध्ये कंपनीने ते बदललं. आता सूचना फक्त अॅडमिनला जाते. हा बदल लहान असला तरी त्याने कितीतरी घरांतला अबोला वाचवला असेल.

आवाजाचा मुद्दा इथे लक्षात घेण्यासारखा आहे. २०१७ मध्येच मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विरोधी मताच्या माणसाचं तेच म्हणणं काहींना वाचायला दिलं, काहींना त्याच्याच आवाजात ऐकवलं. ऐकणाऱ्यांना तो माणूस विचार करणारा, आपल्यासारखा वाटला. वाचणाऱ्यांना तितका वाटला नाही. आपल्याकडे खेड्यापाड्यांत लोक आवाजाचे संदेश सर्रास पाठवतात. शहरातल्या लोकांना ते ऐकायचा कंटाळा येतो. पण वादाच्या वेळी मिनिटभराचा आवाज दहा ओळींच्या मजकुरापेक्षा बरा. आवाजात खाकरणं असतं, थांबणं असतं, ‘बरं का दादा’ असतं. त्यातून माणूस जिवंत राहतो.

हे सगळं मनस्तापापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. तसं राहिलेलं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजारासाठी जमलेल्या लोकांनी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेली ती माणसं होती. त्या आधी मुलं पळवणाऱ्या टोळीचे संदेश त्या भागात फोनवरून फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी, असं केलं. त्यानंतर अशा संदेशांचं फिरणं सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. म्हणजे लोकांचे स्वभाव न बदलता, उपदेश न करता, नुसती एक खटपट वाढवली तर एवढा फरक पडला. राईनपाड्यातल्या पाच जणांच्या घरांसाठी हे शहाणपण उशिरा आलं.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही तरुणांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून मोर्चा निघाला, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसलं जातं. त्याच्या स्क्रीनशॉटला अशी मुदत नसते.

अशा वेळी सगळ्यांची बोटं ग्रुपच्या अॅडमिनकडे वळतात, आणि अॅडमिन बिचारा घाबरलेला असतो. ‘कायदेशीर कारवाई झाल्यास अॅडमिन जबाबदार राहणार नाही’ ही सूचना त्याच भीतीतून लिहिली जाते. कायद्याने त्याला बऱ्यापैकी दिलासा दिला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये निकाल दिला की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याशिवाय, अॅडमिनला गुन्हेगार ठरवता येणार नाही. मात्र तो हातावर हात ठेवून बसण्याइतका दुबळाही नाही. फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय २०१८ पासून आहे. वातावरण तापलं की रात्रीपुरता ग्रुप बंद करायचा आणि सकाळी उघडायचा, एवढं केलं तरी निम्मं भांडण झोपेत विरतं.

फोन नव्हते तेव्हा लोक समजुतीने वाद घालत होते, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावर टिळकांचा ‘केसरी’ आणि आगरकरांचा ‘सुधारक’ आमनेसामने होते. आगरकरांना पुण्यात स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहावी लागली. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि परभणी-नांदेड जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत जवळपास सोळा वर्षं गेली. पाथरीच्या माणसाला हे पुस्तकात वाचावं लागत नाही, घरातल्या थोरल्यांनी ते पाहिलेलं आहे. द्वेषाला फोन लागत नाही. फरक वेगात आहे. साप्ताहिकात उत्तर द्यायला आठवडा मिळायचा, आणि मधे संपादक असायचा जो शिवी गाळून मुद्दा छापायचा. आता रात्री अकराला वाचलेल्या ओळीला अकरा वाजून एका मिनिटाने उत्तर जातं, आणि मधे कुणीच नाही.

मराठवाड्यातल्या मराठा आरक्षणाच्या वादात याच फोनचा एक वेगळा उपयोग दिसला. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. हैदराबादच्या निजामाच्या काळातल्या कागदांतून कुणबी नोंदी शोधणं हे तिचं काम. महसुली दप्तरं, शाळांचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी उघडल्या गेल्या, हैदराबादपर्यंत शोध गेला, आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रती अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. आरक्षणावर ग्रुपमध्ये कडाडून भांडणं होत होती, होत आहेत, आणि मराठा-ओबीसी तेढीने बीड-परभणीकडच्या कितीतरी मैत्र्या मोडल्या. बीडमध्ये तर २०२५ साली पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवरून आडनावं काढावी लागली. पण त्याच गदारोळात हजारो घरांतली माणसं फोनच्या पडद्यावर मोडीतल्या नोंदी बोटांनी मोठ्या करून पाहत होती. आपल्या गावाचं नाव, आपलं आडनाव, पणजोबाचं नाव. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. नोंद सापडली की वाद संपतो असं नाही. तिचा अर्थ काय लावायचा यावर दुसरा वाद सुरू होतो, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटविषयीच्या शासन निर्णयानंतर तो झालाही. पण तो वाद निदान एका कागदाबद्दल असतो, जो दोन्ही बाजूंना उघडून पाहता येतो.

साईबाबांच्या जन्माबद्दल दोन्ही गावांनी मान्य करावा असा कागद अजून पुढे आलेला नाही. आहेत ते सच्चरिताची ओवी, म्हाळसापतींची आठवण आणि खेरांचं अनुमान. तिन्ही छापील आहेत, तिन्ही मिळवून वाचता येतात, आणि तिन्ही एकत्र वाचायला एक दुपार पुरते. पाथरीत मंदिराकडे जाणारा रस्ता रुंद व्हायला, भक्तांसाठी खोल्या आणि स्वच्छतागृहं बांधायला यातलं एकही पान लागत नाही. त्यासाठी नगरपालिकेचा ठराव, आराखडा आणि मंजूर निधी लागतो. त्या कामाचा ठेका कुणाला मिळाला, किती पैसे आले आणि किती खर्च झाले, हे विचारणारा एक संदेश गावाच्या ग्रुपवर पडला, तर त्यावर होणारी बाचाबाची गावाच्या खरोखर उपयोगाची असेल.